संत आमच्या मुलांच्या बाजूचे

देवावर भरवसा ठेवायला माझी कधीच ना नव्हती. अडचण एवढीच, की मी देवावर भरवसा ठेवते आणि देव आमच्या मुलांवर ठेवतो.

थोरला दहावीला. पहिल्या चाचणीचे गुण पाहून मी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि लपवला. मरोळच्या दीड खोलीत वस्तू लपवणं सोपं नसतं. तांदळाच्या डब्यात सासूबाईंचा हात जातो, कपाटात नवऱ्याचा, फ्रिजमध्ये सगळ्यांचा, आणि धाकटीचा हात कुठे गेला होता हे वस्तू फुटल्यावर कळतं. शेवटी माळ्यावर नाताळच्या गोठ्याचं खोकं होतं, त्यात बाळ येशूच्या गव्हाणीखाली, पेंढ्यात, मी तो पुरला. भर पावसाळ्यात नाताळचं खोकं उघडायचं कुणाला काय कारण?

थोरला भांडला नाही, त्यानं आदळआपट केली नाही. गोड आवाजात आजीला विचारलं, "आजी, हरवलेलं सापडायला कुठल्या संताला सांगतात गं?"

"संत अंतोनीला," सासूबाई म्हणाल्या. नातवाला धर्माची गोडी लागली म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. "मंगळवारी मेणबत्ती लाव. लवकर ऐकतो."

मंगळवारी त्यानं मेणबत्ती लावली. बुधवारी सकाळी सासूबाईंच्या मनात आलं की गोठ्यातल्या पेंढ्याला बुरशी आली असेल, जरा ऊन पडलंय तोवर वाळवून घ्यावा. माझ्या लग्नानंतर आजवर त्यांच्या मनात असं काही कधी आलं नव्हतं. मोबाइल सापडला. "बघ," त्या मला म्हणाल्या, "लेकराचा विश्वास कसा आहे!" लेकरू चार्जर शोधत होतं. त्यासाठी संताची गरज पडली नाही.

संत अंतोनी वारले १२३१ साली. त्यांची स्तोत्रांची पोथी एका नवशिक्या मठवासीयानं पळवली आणि त्यांनी प्रार्थना करताच ती परत आली, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून हरवलेल्या वस्तूंचं खातं त्यांच्याकडे. पण तिथे वस्तू चोराकडून मालकाकडे गेली होती. आमच्या प्रकरणात मालक कोण, हा प्रश्न मी रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांना विचारला.

"फादर, मुलाच्या भल्यासाठी आईनं लपवलेली वस्तू हरवलेली म्हणायची का?"

"मोबाइल घेतला कुणी?"

"आम्ही."

"सिम कुणाच्या नावावर?"

"ह्यांच्या."

"मग संत अंतोनींनी तुमच्या मिस्टरांना परत केला असं समजा."

"फादर, हे तेव्हा मॅच बघत होते."

फादर हसले आणि पुढच्या बाईंकडे वळले. त्या बाईंचा मुलगा कॉयर सोडून जिमला जात होता. फादरांपुढे रांग होती.

मग मी स्वतःच परीक्षेचा संत शोधून काढला. इटलीतले कुपर्टिनोचे संत जोसेफ, सतराव्या शतकातले. अभ्यासात अगदी कच्चे. डोक्यात काही राहत नसे. परमेश्वराची करणी अशी, की परीक्षकांनी नेमका तोच उतारा विचारला जो त्यांना येत होता. पास झाले, धर्मगुरू झाले, संतही झाले. जगभरातले विद्यार्थी परीक्षेआधी त्यांचा धावा करतात. मी ही गोष्ट थोरल्याला रात्री जेवताना रंगवून सांगितली. हेतू हा, की पोराला उमेद यावी. त्यानं शांतपणे ऐकली, भाताचा शेवटचा घास खाल्ला आणि विचारलं, "म्हणजे एकच धडा केला तरी चालतो?"

"अरे, त्यांनी कष्ट केले होते!"

"पण पास देवानं केलं ना? आई, तुझा विश्वास कमी पडतोय."

यावर सासूबाईंनी मान डोलावली. आमच्या घरात धर्मशास्त्राचा वाद झाला की मी नेहमी अल्पमतात असते.

तेव्हा माहीमची नोव्हेना धरली. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. दिवसभर, वेगवेगळ्या भाषांत. सलग नऊ बुधवार करायचे हा नेम. तिथे ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो, इतकी सगळ्या धर्मांची गर्दी. परीक्षांचे दिवस आले की या गर्दीत आयाच आया. माझ्या पुढच्या बाईंनी मागे वळून विचारलं, "कुणासाठी?"

"मुलाची दहावी."

"माझ्या मुलीची बारावी." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की देवाच्या दारात बारावीची फाइल दहावीच्या वर असते हे मला कळावं. त्यांच्या पुढची काकू म्हणाली, "माझा सीएची फायनल देतोय." आम्ही दोघी गप्प झालो. मग पलीकडून एक गुजराती बाई हळूच म्हणाल्या, "मारी वहू..." आणि सगळ्यांनी सरकून त्यांना पुढे जागा करून दिली. सून हा विषय बोर्डाच्या अखत्यारीत येत नाही.

माझा नेम छान चालला होता. तो पुरा व्हायला आला आणि पावसानं लोकल बंद पाडल्या. अंधेरी स्टेशनावर इंडिकेटरकडे बघत मी उभी, आणि नेम मोडला. पुन्हा पहिल्या बुधवारापासून सुरुवात. घरी येऊन थोरल्याला म्हटलं, "बघ, तुझ्यासाठी मी किती करते!" तो म्हणाला, "आई, देवालाच वाटत असेल, तू जरा घरी बसावंस."

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा. आठ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिन, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर डोंगरावर माणूस मावत नाही. रस्त्याच्या दुतर्फा मेणाच्या वस्तूंची दुकानं. हात दुखत असेल तर मेणाचा हात, पाय दुखत असेल तर पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं असेल तर मेणाचं घर. मुंबईतल्या जागांचे भाव बघता हे मेणाचं घर हाच बऱ्याच जणांच्या नावावरचा एकमेव बंगला. मी दुकानदाराला विचारलं, "मुलासाठी काय आहे?"

"हे घ्या, बाळ."

"बाळ नको, पंधरा वर्षांचा आहे."

"मग हा उभा मुलगा."

"तो उभाच असतो हो. बसत नाही, हीच तक्रार आहे. अभ्यासाला बसेल असं काही?"

दुकानदारानं माल चाळला. "डोकं आहे. चालेल?"

"कशासाठी असतं ते?"

"डोकेदुखीसाठी." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याला लावायचं की तुम्हाला?"

मी दोन घेतली.

आता तुम्ही म्हणाल, मुलांचे वडील कुठे आहेत? आहेत. आमच्या घरातला खरा विश्वासू माणूस तेच. पाणी आलं नाही, फी भरायची राहिली, धाकटीला ताप आला, थोरला वर्गाबाहेर उभा होता, कशावरही त्यांचं उत्तर एकच असतं, "देव बघेल." आणि ते मॅच बघतात. मराठी ख्रिस्ती घरात ही वाटणी जुनीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं, की टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, देव देईल यावर त्यांचा अढळ विश्वास, आणि उद्याच्या पीठमिठाची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण संसाराला पंथ नसतो. फरक एवढाच, की टिळक भरवसा ठेवून कविता तरी लिहीत.

रोज संध्याकाळी आमच्या घरी जपमाळ होते. जपमाळेत पन्नास 'नमो मरिया' असतात. आमच्या घरातल्या पन्नासांपैकी बऱ्याच या चालीवर जातात: नमो मरिया, गॅस बारीक कर, नमो मरिया, कोण आलंय बघ, नमो मरिया, पाय खाली घे, ती वेदी आहे. दुसऱ्या रहस्याला हे डुलकी घेतात. तिसऱ्याला धाकटी जपमाळ गळ्यात घालून नवरी होते. चौथ्याला कुकर शिटी देतो आणि सासूबाई शिट्या मोजायला लागल्यामुळे मण्यांचा हिशेब चुकतो. शेवटी आम्ही पन्नास म्हटल्या की साठ, हे फक्त मारियामातेला ठाऊक. तिनं मात्र आजवर तक्रार केलेली नाही.

याच धाकटीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद जवळ आला. त्याआधी पहिलं कुमसार करायचं असतं, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायची. कॅटेकिझमच्या टीचरनी सांगितलं, दहा आज्ञा समोर ठेवा आणि एकेक तपासून पापांची यादी करा. धाकटीनं वही घेतली. खोटं बोलणं, लिहिलं. आईबापांचा मान न राखणं, लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली. चोरीपुढे 'चिक्की' असं स्पष्ट लिहिलं. मग एका आज्ञेपाशी पेन्सिल थांबली.

"आई, व्यभिचार म्हणजे काय?"

स्वयंपाकघरात अचानक बरंच काम निघालं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ते मोठ्या माणसांचं असतं."

"मग ते बाबांच्या यादीत लिहू?"

आमच्या ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा भर मॅचमध्ये टीव्ही बंद केला.

यादी तरी छोटीच दिसत होती. शेजारच्या मैत्रिणीची दोन पानी झाली होती, त्यामुळे धाकटीला कमीपणा वाटत होता. "दादाची थोडी पापं घेऊ का?" तिनं विचारलं. दादा उदार मनानं म्हणाला, "घे की, माझ्याकडे भरपूर आहेत." सख्ख्या भावाबहिणीत मनापासून झालेली वाटणी मी पहिल्यांदा पाहिली ती ही.

उपवासकाळाचंही तसंच. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की चाळीस दिवसांसाठी प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. थोरल्यानं कारलं सोडलं. धाकटीनं गृहपाठ सोडला. ह्यांनी मटण सोडलं आणि शुक्रवारी त्याग म्हणून पापलेट आणलं, ज्याच्या भावात मटणाच्या दोन पिशव्या आल्या असत्या. त्याग महाग असतो, असं ते म्हणाले. मी ओरडणं सोडलं. राखेच्या बुधवारी सकाळी सोडलं आणि त्याच दिवशी, कपाळावरची राख पुसायच्या आत, थोरल्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला. त्यापुढे काय झालं ते वरच्या मजल्यावरच्यांनाही माहीत आहे.

एका रविवारी फादरांनी आकाशातल्या पाखरांवर प्रवचन केलं. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना पोसतो, मग तुम्ही उद्याची चिंता का करता, असा शुभवर्तमानातला उतारा होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या, "पाखरांना अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागत नाही." पलीकडून दुसरीनं विचारलं, "पहिली यादी कधी आहे हो?" त्यापुढे आमच्या बाकावर कट-ऑफ, कोटा आणि कॉलेजचे पसंतीक्रम यांवर जे मंथन झालं, त्यात प्रवचनाचा शेवट कुणीच ऐकला नाही. शिवाय मुंबईतली पाखरं म्हणजे कबुतरं. त्यांना स्वर्गातला बाप पोसतो हे खरं, पण साफसफाई आमच्या ग्रिलवर सोडतो.

मिस्सानंतर फादरांनी मला दारात गाठलं. "तुमचं लक्ष नव्हतं आज."

"फादर, मी सगळं देवावर सोपवलंय."

"तुम्ही देवाच्या खिडकीवर अर्ज देता," फादर म्हणाले, "आणि रोज येऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारता. साहेब कितीही दयाळू असला, तरी त्याला काम करायला वेळ द्याल की नाही?"

मी म्हटलं, "फादर, मुंबईत पाठपुरावा केल्याशिवाय काही होत नाही." फादर याच शहरात वाढलेले. त्यांना नाही म्हणता येईना.

पाठपुराव्याचं म्हणाल तर तो आमच्या रक्तातच आहे. अंधेरी पूर्वेला, सीप्झ या निर्यात-उद्योग वसाहतीच्या कुंपणात, कोंडिविट्याच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. संत योहान बाप्तिस्त्याचं चर्च, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली बांधलेलं. एरवी गळ्यात ओळखपत्र नसेल तर सीप्झमध्ये मुंगी शिरत नाही. मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो तेव्हा आम्हा देवभोळ्यांना आत सोडतात. पूर्वजांची श्रद्धा मुलांनी पाहावी म्हणून आम्ही दोघांना घेऊन गेलो. सासूबाईंनी कहाणी सांगितली: १८४० च्या सुमारास इथे साथ आली, माणसं पटापट मेली, उरलेली गाव सोडून मरोळला आली.

थोरल्याचे डोळे चमकले. "म्हणजे आपले पूर्वज देवावर भरवसा ठेवून इथे बसून राहिले नाहीत?"

मी गप्प. पण सासूबाई त्याला पुरून उरल्या. "बसतील कशाला? देवाला घेऊन आले की! बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा मागे सोडलं नाही. तुझ्या बापाला त्यातच बुडवलाय." दगडाचं कुंड उचलून नवं घर गाठणाऱ्या माणसांची मी सून. मी एका जागी बसून नुसता भरवसा कसा ठेवणार?

आणि माझं सोडा, खुद्द मारियामातेची काय कथा? लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू बारा वर्षांचा. वल्हांडण सणाला सगळे यरुशलेमला गेले, परत निघाले, आणि मुलगा काफिल्यात नातेवाइकांबरोबर असेल असं समजून आईबाप दिवसभराची वाट चालून गेले. पुढचा संवाद लूकनं लिहिलेला नाही, पण लग्न झालेल्या कुणालाही तो पाठ असेल. "मला वाटलं तुमच्याबरोबर आहे." "मला वाटलं तुझ्याबरोबर आहे." तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सापडला, पंडितांना प्रश्न विचारत बसलेला. आईनं जाब विचारला तर त्यानं उलट प्रश्न केला. देवाचा पुत्र असला तरी बाराव्या वर्षी तो बारा वर्षांच्या मुलासारखाच बोलतो, हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याही प्रवचनानं आला नाही.

आयांमध्ये थोर मात्र संत मोनिका. चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतली. तिचा मुलगा ऑगस्टीन हुशार आणि हाताबाहेर गेलेला. ती वर्षानुवर्षं रडत प्रार्थना करत होती. एका बिशपच्या मागे लागली, की माझ्या मुलाला समजावा. तो बिशप शेवटी वैतागला, आणि इतकी आसवं गाळणाऱ्या आईचं लेकरू वाया जाणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यानं तिला वाटेला लावलं. हेच वाक्य पुढे आशीर्वाद ठरलं. तेव्हा फादर वैतागले तर वाईट वाटून घेऊ नये, काय सांगावं, तोच आशीर्वाद असायचा. मग ऑगस्टीननं काय केलं? कार्थेजच्या बंदरावर आईला सांगितलं, मित्राला जहाजावर सोडायला चाललोय. आई जवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर प्रार्थना करत बसली आणि चिरंजीव स्वतःच जहाजात बसून रोमला पसार झाले. आमचा थोरला "मित्राला स्टेशनवर सोडून येतो" म्हणतो तेव्हा मला हे आठवतं. मोनिका नुसती रडत बसली नाही. पुढे तीही जहाज पकडून मुलाच्या मागे इटलीत पोचली. लाइव्ह लोकेशन नसताना.

अखेर ३८७ साली मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका समाधानानं वारली. मुलगा पुढे बिशप झाला, ख्रिस्ती जगातला मोठा पंडित झाला. दोघांचे सणही लागून येतात, २७ ऑगस्टला आईचा, २८ ला मुलाचा. तिथे मात्र आई एक दिवस आधी पोचलेली. सासूबाईंनी ही कथा ऐकली, जपमाळ कपाळाला लावली आणि मला म्हणाल्या, "बघ, आपलाही होईल."

पण त्यांना मी पुढचं सांगितलं नाही. आईच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी या सुधारलेल्या मुलानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. त्यात स्वतःची नासपतीची चोरी तर सांगितलीच, शिवाय आपली आई लहानपणी पिंपातली वाइन घोट घोट पीत कशी भरले पेले रिचवू लागली होती आणि मोलकरणीनं तिला कसं हटकलं, तेही साऱ्या जगाला सांगून टाकलं. पुस्तकाला सोळाशे वर्षं झाली. अजून छापलं जातंय. थोरल्यानं काही लिहायच्या आत मी हा लेख लिहिला तो एवढ्याचसाठी.

तेव्हा आईबापहो, मुलांसाठी प्रार्थना जरूर करा, देवावर भरवसाही ठेवा, पण त्यांच्यासमोर जपून वागा. मूल बिघडलं तर गल्लीत बोभाटा होतो. संत झालं तर पुस्तक निघतं.